सूपच्या भांड्याची जागा

चार मिलिमीटरनं घात केला. गुरुवारी दुपारी रऊफच्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटरचं छोटंसं कॅबिनेट उघडं पडलं होतं. मदरबोर्ड आत बसला होता, पॉवर सप्लाय बसला होता, लांबलचक ग्राफिक्स कार्ड तिरकं करून, श्वास रोखून आणि दोन शिव्या घालून बसवलं होतं. राहिला होता तो पाण्याचा रेडिएटर. तो बसवला की झाकण लागत नव्हतं आणि झाकण लावायचं तर तो बाहेर काढावा लागत होता. रऊफनं झाकणावर गुडघासुद्धा टेकवून पाहिला. सुटकेस असती तर लागलं असतं.

इतक्या छोट्या कॅबिनेटची हौस काही त्याला नव्हती. कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात टेबलाखाली बायकोचं, इन्शिराहचं शिलाई मशीन होतं, पलंगाखाली रजया होत्या आणि बाल्कनीत वर्षभराचा लसूण टांगलेला होता. जागा उरली होती ती फक्त नीशमध्ये. नीश म्हणजे लग्नात मुलीची आई भरून देते ते बैठकीतलं काचेचं कपाट. त्यात बारा माणसांचा डिनरसेट, कोरीव पेले, सोनेरी काठाचे कप आणि मधोमध दोन कानांचं सूपचं भांडं. यातलं काहीही, कधीही, कोणासाठीही बाहेर निघत नाही. गेली नऊ वर्षं रऊफ प्लास्टिकच्या ताटलीत जेवत होता आणि जेवता जेवता ती बारा ताटं बघत होता.

तो दिवसा सरकारी कचेरीत पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी एका सुताराला स्वयंपाकघरांची चित्रं करून द्यायचा. गिऱ्हाइकाला लाकूड कापण्याआधी आपला ओटा चित्रात बघायचा असतो. जुन्या लॅपटॉपवर असा एक ओटा तयार व्हायला पाच तास लागायचे, आणि तोवर तो इतका तापायचा की इन्शिराह त्याच्याजवळ पीठ फुगायला ठेवायची. दोन वर्षं साठवून रऊफनं नव्या कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले होते. हे यंत्र आलं की आपण माणसात येऊ, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं.

इन्शिराहनं आपली अट घालून ठेवली होती. "सूपच्या भांड्याच्या जागेत बसलं आणि दार लागलं तर राहील. भांडं मी वरच्या फळीवर सरकवते, आईला काय सांगायचं ते मी बघते. पण उद्या ती जेवायला यायच्या आत सगळं आत पाहिजे. नाहीतर सगळं मन्सुरा शहरात तुझ्या भावाकडे पाठवून दे."

"अगं, पण त्याला यातलं काय कळतं?"

"तुला तरी काय कळतंय?" असं म्हणून ती शाळेत पेपर तपासायला निघून गेली होती.

म्हणून रऊफनं सूपचं भांडं कानांसकट मोजलं होतं आणि त्या मापाचं कॅबिनेट सगळा बाजार पालथा घालून शोधलं होतं. बंद काचा आणि वर कैरोचा जुलै, तेव्हा नुसत्या पंख्यानं भागणार नाही म्हणून पाण्याची सोयही घेतली होती. पंप, टाकी, नळ्या, लाल रंगाचं पाणी, सगळं. फक्त रेडिएटरची जाडी मोजायची राहिली होती. जगाचे पाइप मोजणाऱ्या माणसाकडून हे झालं.

आता शुब्र्यात पाण्याचा, थंडीचा किंवा नळीचा प्रश्न आला की लोक एकाच माणसाला हाक मारतात. खालच्या मजल्यावरच्या उस्ता शिहातानं आजवर अख्ख्या गल्लीचे फ्रिज आणि एसी दुरुस्त केले होते आणि त्यातले बरेचसे पुन्हा चालूही झाले होते. तो वर आला, चार चमचे साखरेचा चहा मागितला आणि कॅबिनेटमध्ये टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"इंजिनियरसाहेब, यात गॅस कोणता?"

"गॅस नाही उस्ता, पाणी आहे."

"नुसतं पाणी?" शिहाताला दया आली. "बरं. पण हे जाळीचं धूड तुम्ही आत का कोंबताय? एसीचं बाहेरचं यंत्र कोणी उशाशी घेऊन झोपतं का? आतलं आत, बाहेरचं बाहेर. हे कपाटाच्या मागे भिंतीवर टांगू, नळ्या भोकातून आत घेऊ. दहा मिनिटांचं काम."

"भोक? नीशला?"

"मागच्या फळीला हो. मागून कोण बघतंय? सासूबाई काय भिंतीतून येणार आहेत?"

मुद्दा बिनतोड होता, हेच वाईट झालं. भोक पाडायचं तर कपाट भिंतीपासून सरकवायला हवं. भरलेलं कपाट सरकवलं तर नऊ वर्षांचा संसार फुटणार, म्हणजे आधी ते रिकामं करायला हवं. दोघांनी ताटं पलंगावर मांडली, पेले सोफ्यावर, कप बाथरूमच्या टबात टॉवेलवर आणि सूपचं भांडं टेबलाच्या मधोमध. मग शिहातानं करवत काढली. दहा मिनिटांचं काम दोन तास चाललं, कारण पहिलं भोक एक फळी वर पडलं.

दुसरं पडत असताना इन्शिराह दारात उभी होती.

  तिनं पलंग पाहिला, टब पाहिला आणि मग कपाटात वाकून दोन्ही भोकांतून भिंत पाहिली.

"वहिनी, खालचं कामाचं आहे," शिहाता म्हणाला, "वरचं हवेसाठी."

"उस्ता, तू घरी जा," ती म्हणाली. शिहाता हत्यारं न आवरताच गेला. मग ती रऊफकडे वळली. "आता ऐक. आईनं ही भोकं पाहिली तर ती मला काही बोलणार नाही. ती तैतापासून मुनीरापर्यंत सगळ्या मावश्यांना फोन करेल आणि मग त्या मला बोलतील. खालच्या भोकापुढे तुझा हा डबा राहील आणि वरच्यापुढे ताटं. मन्सुरा रद्द. हे यंत्र आता इथेच बसणार, मी स्वतः बसवणार."

रऊफला इतकं बरं वाटलं की त्याला वाईट वाटायला हवं होतं हे तो विसरला.

रात्रीच्या जेवणाआधी रेडिएटर भिंतीवर चढला आणि कपाट जागेवर गेलं. शुक्रवारी सकाळी नळ्या जोडून दोघांनी टाकीत लाल पाणी भरलं. इन्शिराहनं पंप चालू केला. पाणी नळ्यांतून सुरेख धावत गेलं, रेडिएटरमध्ये शिरलं, परत आलं आणि शिहातानं आदल्या दिवशी आवळून ठेवलेल्या पंपाच्या सांध्यातून बाहेर पडायला लागलं.

"भांडं! भांडं आण!" इन्शिराह किंचाळली.

बादली बाल्कनीत होती आणि बाल्कनीच्या वाटेवर रात्री सोफ्यावरून उतरवलेले सोळा पेले उभे होते. हाताशी होतं ते एकच. रऊफनं सूपच्या भांड्याचं झाकण काढलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि ते सांध्याखाली धरलं. सगळं पाणी त्यात रिकामं झालं. सांधा पुन्हा आवळला, नव्या बाटलीतलं पाणी भरलं, अर्धा तास वाट पाहिली. एक थेंब नाही. मग दोघांनी धावतपळत ताटं, पेले आणि कप जागेवर लावले, कॅबिनेट भोकापुढे सरकवलं, दार लावून पाहिलं. लागलं! रऊफनं बायकोच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि त्याच क्षणी दारावरची घंटा वाजली.

सासूबाई हज्जा फौकिय्या आधी आत आल्या, मागून त्यांचे यजमान हज्ज बय्यूमी. हज्जांनी उंबऱ्यातूनच नीशकडे एक नजर टाकली, कारण त्या या घरात आधी त्यालाच भेटतात. मग त्यांची नजर टेबलावर गेली. टेबलाच्या मधोमध सूपचं भांडं होतं, काठोकाठ लाल पाण्यानं भरलेलं. धावपळीत रऊफ ते परत तिथेच ठेवून विसरला होता.

"बाहेर?" हज्जा टेबलाशी आल्या. "वापरलं?"

"करकदे!" जास्वंदीचं लाल सरबत समजून हज्ज बय्यूमी खूश झाले. त्यांना मधुमेह होता आणि घरात गोड मिळत नव्हतं. त्यांनी ओट्यावरचा ग्लास उचलला आणि थेट भांड्यात बुडवला. "शाब्बास पोरी! इतक्या उन्हात हेच पाहिजे होतं."

"नका पिऊ!" रऊफ टेबलावर आडवा झाला. "विष आहे ते!"

 हज्जनी ग्लास अलगद खाली ठेवला.

"विष," हज्जा सावकाश म्हणाल्या. "नऊ वर्षं आम्हाला या भांड्यात कधी सूप दिलं नाहीस. काढलंस ते आज, आणि विष भरून."

"आई, तूच तर म्हणायचीस की वापरू नकोस!"

"मी सूपसाठी म्हणत होते!"

"हज्जा, ते यंत्राचं पाणी आहे," रऊफ गयावया करत म्हणाला. "कॉम्प्युटरचं. त्याला थंड ठेवायला."

"कोणता कॉम्प्युटर? दाखव."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रऊफनं नीशचं दार उघडलं आणि कॅबिनेटचं बटण दाबलं. पंप घुरघुरला. मग कॅबिनेटच्या काचेआड दिवे लागले, लाल पाणी नळ्यांतून उजळत फिरू लागलं आणि तो उजेड वरच्या कोरीव पेल्यांत शिरला. सोनेरी काठ चमकले, बाराच्या बारा ताटं लालसर झाली. अख्खं नीश पेटलं. रऊफनं स्वतःसुद्धा ते असं बघितलं नव्हतं.

 हज्जा पुढे झाल्या, मागे झाल्या, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. डोळे पुसले. आणि एकदम जीभ हलवत, लग्नघरात काढतात तशी खणखणीत किलकारी काढली. जिन्यात दारं उघडल्याचे आवाज आले.

"मुनीराच्या सुनेच्या नीशमध्ये काय आहे? एक चिनी मोर!" हज्जा म्हणाल्या. "बोलवा सगळ्यांना. रऊफ, बाळा, तू नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकीच्या घरात काहीतरी आणलंस."

तासभर शेजारणी येत राहिल्या. शिहाता आला आणि हे आपण केलं असं सांगत सगळ्यांत मध्ये उभा राहिला. रऊफ एका बाजूला कीबोर्ड घेऊन हसत उभा होता. यंत्र राहणार, हे आता नक्की झालं होतं. दोन वर्षांनी त्याला हलकं हलकं वाटत होतं. शेवटची शेजारीण गेल्यावर हज्जांनी कॅबिनेटचं बटण दाबून दिवे बंद केले, काच ओढणीच्या टोकानं पुसली, नीशचं दार लावलं, कुलूप फिरवलं आणि किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

"हज्जा," रऊफ म्हणाला, "किल्ली..."

"माझ्याकडे बरी आहे. तुमच्याकडे हरवेल."

"पण मला आज त्याच्यावर काम करायचंय. ओट्याचं चित्र द्यायचंय."

"त्याच्यावर?" हज्जांना खरंच कळेना. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेक छताकडे बघत होती. "अरे बाळा, नीशमधली वस्तू आहे ती. रोज वापरलीस तर चार दिवसांत कळा जाईल तिची. पाहुणे आले की फोन कर. मी हेलवानहून मेट्रोनं येते, उघडते, लावते. किती वेळचा प्रश्न आहे?"

इन्शिराह अजून छताकडेच बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. रऊफनं तिला हसताना पकडलं आणि मग त्यालाही राग धरता येईना.

रविवारी सकाळी कचेरीत त्यानं नकाशा विभागातल्या सातही जणांना संध्याकाळी जेवायचं आमंत्रण दिलं. बायकामुलांसकट.

"काय विशेष रऊफ? बारसं आहे का?"

"नाही हो," रऊफ म्हणाला. "तुम्ही सावकाश जेवा, वर चहा घ्या, गप्पा मारा. अकराच्या आत कोणी उठायचं नाही. मला दोन ओटे संपवायचेत."