मुलगा या पदावरची इंटर्नशिप

सहाव्या सेमिस्टरला कॉलेजनं मल्लिनाथ बिराजदारला माझ्या आईवडिलांकडे मुलगा म्हणून इंटर्नशिपला पाठवलं. त्या वर्षी कऱ्हाडच्या आसपासच्या कंपन्यांनी जागा भरल्याचं कळवलं होतं, म्हणून घरांनाही उद्योग अशी मान्यता मिळाली होती. आमच्या घराचा अर्ज पप्पांनी केला. ते तहसील कचेरीत आहेत, त्यामुळे कुठलीही योजना निघाली की पहिला अर्ज त्यांचाच असतो.

मीसुद्धा त्याच वर्गात, मेकॅनिकलला. पण माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता आणि पेपर राहिलेल्यांना इंटर्नशिप मिळत नाही. म्हणून मी घरीच होतो. घरात मुलगा या पदाची जागा एकच आहे. ती इंटर्नला द्यायची असल्यामुळे माझी खोली मल्लीला मिळाली आणि माझी गादी बाहेर दिवाणावर आली. यात वावगं काही नव्हतं. कंपन्यांतही असंच करतात.

जाण्याआधी चिवटे मॅडमनी सगळ्या इंटर्नना मार्गदर्शन केलं होतं. प्लेसमेंटचं सगळं त्याच बघतात. पहिल्या दिवशी वेळेआधी पोचा. येत नसेल तर विचारा, येत असेल तरी विचारा. रिकामं बसून मोबाइल बघू नका. जेवायला सीनियर लोकांच्यात बसा. 'हे माझं काम नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका. मी मागच्या बाकावर होतो. यातलं मला काही लागू नाही म्हणून मी मोबाइल बघत होतो.

मल्ली सोमवारी आईनं दार उघडायच्या आधीच फाटकापाशी येऊन उभा होता. पायात सेफ्टी शूज. ते उंबऱ्याबाहेर काढून, नीट जोडीनं ठेवून तो आत आला.

"मी मल्लिनाथ. अक्कलकोटकडचा. आजपासून तुमचा मुलगा," तो म्हणाला. "घरात कुठं काय असतंय, ते आधी दाखवता का ओ आई?"

आईनं त्याला डबे दाखवले. मग माळा दाखवला. मग बंबाची खोली, पाण्याची मोटर, देवघरातला कप्पा. त्यानं प्रत्येक ठिकाणी विचारलं की हे इथंच का. आईकडे प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. इतकी कारणं आईकडे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत तिचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या पोटात दुखायला लागलं.

संध्याकाळी पप्पांनी त्याच्यावर आवाज चढवून बघितला. मुलाला रागावता येतं का, हे पहिल्याच दिवशी तपासणं भाग होतं. मल्लीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पप्पा, नक्की कशावरून बोलालाव ते सांगितलं तर पुढच्या वेळी मला सुधारता येईल."

 आजवर पप्पांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मग खुर्ची ओढून त्यांनी त्याला समोर बसवलं आणि आपण कशाकशावरून रागावतो ते मुद्देसूद सांगितलं. मी दिवाणावरून ऐकत होतो. त्यातले बहुतेक मुद्दे माझे होते, आणि ते मला कधीच कुणी इतक्या प्रेमानं समजावले नव्हते.

त्यानंतर माझा नुसता जळफळाट सुरू झाला. ज्या स्कूटरला पप्पा मला हात लावू देत नसत, तिची किल्ली त्याला मिळाली. तीही मागून नव्हे, तर 'चोक कधी ओढायचा असतंय' एवढं विचारून. दुधाच्या पातेल्याची खरवड लहानपणापासून माझी. ती आता वाटीत काढून त्याच्यासमोर जायची आणि तो 'थोडी हर्षलला द्या की' म्हणायचा. त्या 'थोडी'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी 'नको' म्हणायचो, आणि आई ती उरलेलीही त्याच्याच वाटीत टाकायची.

एकदा तो डोक्याला साबण लावून बसलेला असताना मी गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. तो तसाच, डोळे मिटून, बाहेर आला, भिंत चाचपत वर गेला, आणि खाली आल्यावर म्हणाला, "बरं झालं बघ. मेन कॉक कुठंय ते माहीतच नव्हतं मला." अशा माणसाशी वैर तरी कसं करायचं?

शेवटी मी चिवटे मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बिराजदार जरा जास्तच करतोय."

"आपण कोण बोलताय?"

"मी हर्षल मुळीक. या घरचा मुलगा."

"त्या घरी मुलगा म्हणून बिराजदार आहे ना?"

"मी आधीचा."

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "आधीच्यांसाठी तरतूद नाही," त्या म्हणाल्या. "फार तर तुम्हाला सहकारी धरता येईल. सहकाऱ्यानं सहकार्य करायचं असतं, मुळीक."

मध्यावर मॅडम पाहणीला आल्या. आईनं पोहे केले. मल्लीनं स्वतः पाणी आणून दिलं आणि चर्चेत अडचण नको म्हणून बाहेर जाऊन थांबला. मी सहकारी असल्यामुळे मला बसू दिलं.

"कामाबद्दल समाधानी आहात?" मॅडमनी विचारलं.

"फार गुणी पोरगं आहे," आई म्हणाली. मग ती जरा घुटमळली. "एकच आहे. उलटून बोलत नाही. काही सांगितलं की उठतो आणि करतो. घरात मुलगा आहे असं वाटतच नाही. पाव्हणा आल्यासारखं वाटतं."

"मलाही रागवायला पुरेसा वाव मिळत नाही," पप्पा म्हणाले.

मॅडमनी 'संवादकौशल्य : सुधारणेस वाव' असा शेरा दिला. मला इतका आनंद झाला की मी दोन बशा पोहे खाल्ले. उलटून बोलणं हे माझं खास क्षेत्र होतं. त्यात मला तोड नव्हती आणि ते कुठल्याही मार्गदर्शनात सांगितलेलं नव्हतं. मे महिन्यात मल्लीची मुदत संपेल, मग मी माझ्या खोलीत परत जाईन, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा निश्चिंतपणे धरून चाललो.

दुसऱ्याच दिवशी मल्ली माझ्या दिवाणापाशी येऊन बसला.

"का बे हर्षल, उलटून कसं बोलायचं असतंय? शिकव की मला. तुझ्याएवढं चांगलं कुणाला जमत नाही म्हणालती आई."

आता इथं माझी अडचण समजून घ्या. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आधी कॉरिडॉरमध्ये कुणी 'जरा सांग रे' म्हणून आला, तर आम्हा इंजिनिअरिंगच्या पोरांना राहवत नाही. समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त मार्क पडणार हे दिसत असतं, तरी आम्ही सांगतो. शिवाय आई खरंच तसं म्हणाली असेल तर ती माझी त्या वर्षातली एकमेव स्तुती होती.

"पहिल्या हाकेला उठायचं नाही," मी म्हणालो. "दुसरीलाही नाही. तिसरीला 'काय आहे?' म्हणायचं."

"आवाज मोठा?"

"मोठा नाही. वैतागलेला. आणि उठताना 'सगळं मीच करायचं का' म्हणायचं."

"म्हणताना बघायचं कुणाकडं?"

"कुणाकडंच नाही. मोबाइलमध्ये बघायचं."

"पण मॅडम म्हणाल्या मोबाइल..."

"हे कामच आहे," मी सांगितलं. त्याला पटलं.

आठवडाभर आम्ही गच्चीवर सराव केला. त्याचं वैतागणं सुरुवातीला फार आदबशीर होतं, 'सगळं मीच करायचं का ओ' असं व्हायचं. मी 'ओ' काढायला लावला. हळूहळू त्याला सूर सापडला.

रविवारी आईनं हाक मारली. "मल्ली, दळण आण रे." मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"आणतो की! सारखं काय मागं लागलीयस? सगळं मीच करायचं का?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई पिठाच्या हातानं दारात आली. "अहो ऐकलंत का," ती म्हणाली, "आपलं पोर कसं बोललं बघा!" तिचे डोळे भरून आले होते. पप्पांनी पेपर खाली ठेवला, उभे राहिले आणि त्याला मनसोक्त झापलं. मल्ली तोंड फुगवून दळण आणायला गेला. आईनं शिरा टाकला.

"आई, हे मी शिकवलंय त्याला," मी म्हणालो. "ही माझी वाक्यं आहेत."

"असतील," आई रवा परतत म्हणाली. "पण तुझ्या तोंडून कधी अशी गोड लागली नाहीत."

मेमध्ये त्याला कायम केलं. मॅडम पुन्हा आल्या, सह्या झाल्या. मल्लीच्या गावी, कॅम्पसमधून नोकरी लागली म्हणून, त्याच्या आईवडिलांनी पेढे वाटले आणि ना-हरकत पाठवली. एका माणसाला दोन घरी मुलगा म्हणून राहता येत नाही.

पप्पांनी मला वेगळं बोलावलं. ते कचेरीत लोकांना समजावतात त्याच सुरात बोलले. "तुझ्याविरुद्ध तक्रार काही नाही, हर्षल. पण तू या जागेसाठी कधी अर्जच केला नव्हतास."

हे खरं होतं.

जूनमध्ये माझा एम-थ्री सुटला आणि मी इंटर्नशिपला पात्र झालो. मला बिराजदारांचं घर मिळालं. तिथली मुलाची जागा रिकामी झाली होती. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा आई म्हणाली, "येत जा मधूनअधून." शेजारच्या वर्टीकरकाकू निघाल्या की ती हेच म्हणते. मल्ली मागं उभा राहून मोबाइल बघत होता. त्याला स्टँडवर सोडायला सांगितलं तर म्हणाला, "सगळं मीच करायचं का?" मग सोडलं.

अक्कलकोटच्या पुढं त्याचं गाव आहे. मी वेळेआधी पोचलो, बूट बाहेर काढले आणि घरात कुठं काय असतं ते विचारलं. त्याच्या आईला अव्वा म्हणतात. मी काम चांगलं केलं. अव्वा मला बोलवायची ती मात्र 'मल्ली' म्हणूनच, आणि मग जीभ चावायची. भाकरी वाढताना म्हणायची, मल्लीला कडेनं करपलेली आवडायची, तुला कशी आवडती? मीही करपलेलीच मागायचो.

एका दुपारी मल्लीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विचारलं, "अव्वा माझी आठवण काढती काय बे?"

अव्वा समोरच ओसरीवर बसून त्याचा एक जुना शर्ट उसवत होती, पुन्हा शिवायला. सकाळपासून तिनं दोनदा त्याचं नाव घेतलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

 मग तोही अगदी मी म्हणालो तसंच, तेवढ्याच सपाट आवाजात म्हणाला, "तुझीपण इकडं कोण काढत नाही."

ते ऐकून मला फार बरं वाटलं.