यमुनाकाकी पडून राहिली

आमच्या शेजारच्या यमुनाकाकी रोज सकाळी पंधरा वेळा पडतात. मोजून पंधरा. अंगणात तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर जुनी सतरंजी, आणि सतरंजीवर काकी. धप्प! वय अठ्ठावन्न. वजन मी विचारलेलं नाही. पण त्या पडल्या की माझ्या मांडणीवरचे पेले वाजतात.

साताऱ्याहून बदली होऊन मी गोंदियाकडच्या दवनीवाड्याच्या शाळेत आलो तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी तो आवाज ऐकून मी गालावरच्या साबणासकट कुंपण ओलांडून धावलो.

"काकी, पडलात?"

"पडली नाही जी, गुरुजी. पडून राहिली," काकी आडव्या अवस्थेतच म्हणाल्या.

आमच्याकडे 'पडून राहिली' म्हणजे माणूस आता उठत नाही. मी खाट आणायला पळालो. परत येतो तर काकी उभ्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा धप्प! इकडे 'पडून राहिली' म्हणजे पडण्याचं काम सुरू आहे, एवढं व्याकरण मी त्या दिवशी शिकलो.

काकी आमच्याच शाळेत खिचडी शिजवतात. मी यायच्या आदल्या वर्षी मुलींना ज्युदो शिकवायला गोंदियाहून एक मॅडम येऊ लागल्या. ज्युदोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. काकी स्वयंपाकखोलीच्या दारातून बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हातातला डाव खाली ठेवला, पदर खोचला आणि थेट गादीवर जाऊन उभ्या राहिल्या.

"अम्मा, आप बैठिए," मॅडम घाबरून म्हणाल्या.

"बैठ बैठ के ही तो घुटने गये!" काकी म्हणाल्या.

तीन महिन्यांत त्या हनुवटी छातीला लावून, जमिनीवर हात आपटून, मार न लागू देता मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे पडायला शिकल्या. मग मॅडमनी समोरच्याला उचलून आपटायचा पहिला पेच दाखवला, आणि काकींनी शिकणंच थांबवलं.

"लोकाईले पाडाले कायले शिकाचं?" त्या मला म्हणाल्या. "ते तं गावात सारेच बिनाशिकता करतेत."

फायदे विचाराल तर काकी बोटांवर मोजून दाखवतात. गुडघा वाकतो. झोप लागते. शिवाय, "पंधरा खेपा जमिनीवर हात आपटला का रागाले जागाच नाही रायत." भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्या चिखलाच्या बांधावरून घसरल्या, तेव्हा बाकीच्या बाया ओरडेपर्यंत गोल लोळून उठल्याही होत्या, रोपांची पेंढी हातात तशीच. एकदा पुतण्याच्या मोटारसायकलवरून मागच्या मागे पडल्या. हात आपटून, कपडे झटकून उठल्या. पुतण्या मात्र अर्धा किलोमीटर त्यांच्याशीच गप्पा मारत पुढे गेला होता.

तक्रार एवढीच, की दुसऱ्याचं चुकीचं पडणं त्यांना बघवत नाही. ग्रामसभेत प्लास्टिकची खुर्ची मोडून एक वजनदार पुढारी उताणे झाले. सगळे उचलायला धावले. काकी जागेवरूनच ओरडल्या, "हनुवटी वर गेली! छातीले लावा ना जी!" पुढाऱ्यांनी पुन्हा एकदा नीट पडून दाखवावं, असा त्यांचा आग्रह होता. पुढाऱ्यांनी तो मानला नाही.

कुणीतरी काकींच्या पडण्याचा व्हिडिओ काढला आणि तो नागपूरला त्यांच्या मुलापर्यंत गेला. दिनेश तिथे एका कंपनीत नोकरीला आहे. पुढच्या रविवारी तो तावातावानेच आला. मध्यस्थ म्हणून त्याने मला बोलावलं.

"गुरुजी, तुम्हीच सांगा. लोक हसून राहिले. माय, पुरे आता हे. चाल नागपूरले."

"तिथं चवथ्या माळ्यावर मी पडीन तं खालच्याइचा पंखा पडन."

"मजाक नको करू. हे वय पडाचं हाय का?"

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हेच वय हाय, बेटा. मॅडम यायच्या आंधीच्या उन्हाळ्यात मी न्हाणीत पडली होती. सकाळी. कमरेतून उठताच ये ना. संध्याकाळी शेजारची दूध द्याले आली, तवा उचललं तिनं."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"तुहा फोन आलता. दोनदा. चुलीपाशी वाजत होता. मी आयकून राहिली होती."

मी उठून जायला हवं होतं, पण बसूनच राहिलो.

"तुले वाटलं असन, माय शेतात गेली," काकीच त्याची समजूत काढत म्हणाल्या.

थोड्या वेळाने दिनेशने बूट-मोजे काढले, चष्मा माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन सतरंजीवर उभा राहिला. "दाखव," तो म्हणाला.

काकींनी हात कुठे, पाय कुठे, सगळं सांगितलं. त्यातलं काहीही न करता तो धानाचं पोतं टाकावं तसा मागे कोसळला. पण डोकं खाली टेकायच्या आत काकींचा तळहात त्याखाली गेला होता.

"येतच नाही त्याले," हात तसाच ठेवून त्या मला म्हणाल्या. "लहानपणापासून डोक्यावरच पडते."

दिनेश डोळे मिटून तसाच होता. संध्याकाळची गाडी त्याने जाऊ दिली.