पडद्याकडे पाठ

आमच्या धनराजभाऊंनी आयुष्यात एकच सिनेमा काढला आणि तो त्यांनी स्वतः आजवर पडद्यावर पाहिलेला नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवस बुडाला की हे मंडईत पडदा बांधतात, सिनेमा लावतात आणि पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून शेवटपर्यंत उभे राहतात. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मीच काढला ना जी. मले मालूम आहे त्यात काय आहे. कायले पाहू?"

सालेकशात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. वहिनी फार पूर्वी वारल्या. मुलगा नितेश दहावीनंतर मामाकडे रायपूरला गेला आणि तिथेच नोकरीला लागला, हे साऱ्या गावाला ठाऊक. कधी येतो म्हणून विचारलं, की "सुट्टी नाही भेटत जी त्याले," एवढं बोलून भाऊ बॅटरी चार्जिंगला लावायला आत पळत.

तर सिनेमाचं नाव 'बाप निघाला शोधाले'. यात्रेत पोरगा हरवतो आणि बाप त्याला शोधत रानोमाळ फिरतो. यात्रेची गर्दी हवी म्हणून भाऊ कॅमेरा घेऊन कचारगडच्या यात्रेला जाऊन आले. "हजारो लोक गुरुजी, अन् एकालेही चहा पाजा लागला नाही," हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं. मी शाळामास्तर, माझ्याकडे स्काउटचा खाकी शर्ट, म्हणून मी इन्स्पेक्टर झालो. पँट कुठली घालू, असं विचारलं तर म्हणाले, "लुंगीच राहू द्या. खालचं कॅमेऱ्यात दिसत नाही." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पोलीस चौकी म्हणून माझा वर्ग वापरला. मागे फळ्यावर बाराखडी होती, तीही म्हणे कॅमेऱ्यात दिसत नाही. ती पहिल्या बाकावरून दिसावी इतकी स्वच्छ दिसली. इन्स्पेक्टर तक्रार लिहून घेतोय आणि त्याच्या डोक्यावर 'क का कि की'!

लग्नाची सवय काही जाता जात नव्हती. आईचं काम करणारी बाई हंबरडा फोडणार, तेवढ्यात हे कॅमेऱ्याआडून म्हणत, "थोडं हसा जी, इकडे पाहा." पुढे एडिटिंगमध्ये तर कहर झाला. बाप रानात धाय मोकलून रडतो आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात. मी म्हटलं, "भाऊ, हे काढा की." तर म्हणाले, "सॉफ्टवेअरातच तसं आहे. अन् बापाच्या दुःखावर दोन फुलं पडली तर काय बिघडते?" पाकळ्या तशाच राहिल्या.

बाप म्हणून झाडीपट्टीच्या नाटकात मुरलेला एक नट आणला होता. शेवटच्या रांगेला ऐकू जावं अशा आवाजात तो माइकच्या तोंडावर बोले. दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीचा प्रयोग लागला आणि बाप गायब झाला. मग भाऊच बाप झाले. कॅमेरा स्टँडवर लावला आणि बटण माझ्या ताब्यात दिलं.

मोहाच्या दिवसांतली सकाळ होती. झाडांखाली बाया फुलं वेचत होत्या. मी बटण दाबलं आणि भाऊ ओरडले, "पिंट्याऽऽ! कुठं गेला रे बापा!" तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बायांनी हातातल्या टोपल्या टाकल्या. सगुणाबाई नावाची एक दणकट बाई धावत आली. "कोणाचं लेकरू जी? केवढं आहे? कोणता सदरा घातला होता?"

"आठ वर्साचा आहे बाई, लाल सदरा," भाऊ म्हणाले.

झालं! अर्ध्या बाया नाल्याकडे आणि अर्ध्या रेल्वे लाइनकडे निघाल्या. मी ओरडून सांगत होतो, "अहो, शूटिंग आहे!" सगुणाबाई म्हणाली, "जळो तुमचं शूटिंग, आधी लेकरू पाहा!" पिंट्या झालेला माझा भाचा तेव्हा माझ्या ओसरीवर पोहे खात बसला होता. दुपारी लाल सदरा पाहून त्यांनी त्याला तिथून उचललं, आधी दोन धपाटे घातले, मग गूळ दिला आणि खांद्यावर बसवून आणलं. तोवर खाली पडलेला मोह गुरांनी खाऊन टाकला होता. एकीनंही कुरकूर केली नाही. भाऊ झाडाखाली बसून रडत होते. मला वाटलं, सीन वाया गेला म्हणून.

वाया काहीच गेलं नव्हतं, कारण घाईत मी कॅमेरा बंदच केला नव्हता. सिनेमातला तो शोध अगदी खरा आहे. पण बाया शोधायला निघतात तिथेच भाऊंनी सिनेमा संपवला. दर मंडईत लोक ओरडतात, "पोरगा भेटला का नाही, ते सांगा ना गा!"

यंदा नवेगाव बांधच्या मंडईला मी सोबत होतो. आवराआवर करताना म्हटलं, "भाऊ, पोरगा सापडतो तो भाग लावा की."

ते वायर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "नितेश रायपूरले नाही जी."

मी पडद्याची घडी खाली ठेवली.

"मी लय बोललो त्याले, अन् तो निघून गेला. मामाकडे पाहून आलो, तिथं नव्हता. गावाले सांगाची लाज वाटली, नोकरीवर आहे म्हणून सांगून बसलो. त्या बाया खोट्या पोरासाठी धावल्या गुरुजी. माह्या पोरासाठी मीच कोणाले धावू दिलं नाही." वायर पेटीत ठेवत म्हणाले, "मंडईचा लय शौक त्याले. एखाद्या वेळी येऊन बसंल. पडद्याचा उजेड तोंडावर पडते, सगळे चेहरे दिसते."

मी विचारलं, "आता सांगू का गावाला?"

"सांगा जी."

पुढच्या मंडईला सगुणाबाई आणि तिच्या मोहवाल्या बाया जीप करून आल्या. खाली कोणी बसलं नाही. सगळ्या भाऊंच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून रांगेनं उभ्या राहिल्या. मीही राहिलो. सिनेमा सुरू झाला आणि समोरच्या चेहऱ्यांवर उजेड पडला. सगुणाबाईनं पदर खोचला आणि भाऊंना हळूच विचारलं, "केवढा झाला असंल जी आता? कोणता सदरा?"

भाऊंनी समोरच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"जाताना निळा होता," ते म्हणाले.