बटण सहावर

गुरुवारी सकाळी विल्मा स्वॉन्सनला जाग आली ती घामाघूम होऊन. जानेवारीत थर्सोसारख्या उत्तरेकडच्या गारठलेल्या गावात घाम येतो तो फक्त तापात, म्हणून तिने आधी कपाळाला हात लावून पाहिला, मग आरशात जीभ काढून पाहिली. ताप नव्हता. जमिनीवर पाय टेकला तर जमीन कोमट! या घरात आल्यापासूनच्या अकरा हिवाळ्यांत रोज सकाळी पाय टेकताच तिच्या तोंडून "आई गं" निघत आलं होतं. आज काहीच निघेना, त्यामुळे ती जास्तच घाबरली. तशीच बैठकीत गेली, भिंतीलगतच्या हीटरला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

भिंतीवरच्या तापमापकाने सव्वीस दाखवले.

"मॅग्नस! काय केलंस तू?"

तिचा नवरा मॅग्नस स्वयंपाकघरात होता आणि चक्क बनियनवर होता. सात वाजता स्वस्त वीज संपते, म्हणून तो रोजच्यासारखा सातच्या आत दिवसभराचं चहाचं पाणी उकळून थर्मासात भरत होता. "काय केलं म्हणजे? सगळी बटणं सहावर नेली काल. आता उठल्यावर कोट कसला घालतेस? बघ, जरा मजा बघ."

हे हीटर म्हणजे पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या विटा. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापतात आणि दिवसभर ती ऊब सोडत राहतात. किती तापायचं ते आदल्या रात्री एक ते सहा आकड्यांच्या बटणावर ठरवायचं, म्हणजे उद्याच्या थंडीचा अंदाज आजच करायचा. एकदा साठवलेली ऊब परत घेता येत नाही. फेरीबोटीच्या इंजिनखोलीत चाळीस वर्षं काढलेल्या मॅग्नसने या घरात आल्याबरोबर बटण दोनवर नेऊन ठेवलं होतं आणि ते दोनवरच होतं, बाहेर बर्फ पडो की गारा. त्याला कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. तो फक्त विजेपुरता कंजूष होता. कपडे धुवायचं यंत्र पहाटे तीनला, आंघोळ सातच्या आत, आणि दुपारचा चहा थर्मासातला, त्यामुळे कोमट.

"आज अकराला संस्थेची बाई येणार आहे," विल्मा म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता.

"म्हणून तर! पाहुणे येणार, तर घर गारठलेलं दाखवायचं? स्वॉन्सनांच्या घरात माणसं कुडकुडतात असं लोकांनी म्हणायचं? माझ्या आईने कधी दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा थंडीत उभं केलं नाही."

विल्मा खुर्चीत बसली. सप्टेंबरपासून ती या गुरुवारची वाट बघत होती. ज्या संस्थेची ही भाड्याची घरं, ती यंदा जुने विटांचे हीटर काढून नवे बसवणार होती. नवे हीटर स्वतःच हवामान पाहून हवी तेवढीच ऊब साठवतात आणि नको तेव्हा बंद होतात. पण सगळ्यांना नव्हे. यादीत जागा थोड्या, यादी शुक्रवारी बंद होणार, आणि राहिलेल्यांचा विचार दोन वर्षांनी. विल्माच्या बोटांचे सांधे इतके सुजायचे की थंडीत तिला बटाटा सोलता यायचा नाही. आणखी दोन हिवाळे तिला नको होते. त्यातून वरच्या मजल्यावरच्या डोलिना गनने छातीठोकपणे सांगितलं होतं, की बाई आली की तापमान बघते, आणि अठराच्या वर असलं की नाव कटाप.

"म्हणजे," विल्मा सावकाश म्हणाली, "घर गार हवं होतं, मॅग्नस. आज एक दिवस गार हवं होतं. अकरा वर्षं ते फुकट गार होतं!"

मॅग्नसचा थर्मास हातातच राहिला. "मला काय माहीत? तू म्हणालीस बाई येणार. का येणार ते कुठे म्हणालीस?"

"म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास की आपले आहेत ते हीटर उत्तम आहेत."

हे खरं असल्यामुळे मॅग्नस थर्मासाचं झाकण आवळू लागला. पण विल्मा तेवढ्यावर थांबली नाही. "आणि मला एक सांग. अकरा वर्षं मी या घरात कोट घालून जेवते. माझ्यासाठी बटण दोन. आणि एक परकी पोरगी दहा मिनिटांसाठी येणार, तर तिच्यासाठी सहा?"

मॅग्नसने बनियन खाली ओढलं. एवढं सरळ वाक्य त्याच्यावर या घरात प्रथमच येऊन पडलं होतं. "तसं नाही गं..." म्हणून तो थांबला, कारण ते तसंच होतं. "खिडक्या उघडू," तो म्हणाला. "नऊच्या आत गार करतो."

दोघांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. समुद्रावरून वारा आला, पडदे छताला लागले, आणि तापमापक तेवीसवर आला. विल्माला जरा धीर आला. पाच मिनिटांत तो पुन्हा पंचवीस.

"हे काय?"

मॅग्नस हीटरशी गुडघे टेकून बसला. आतून घरघर येत होती. "आत एक झडप असते," तो म्हणाला. इंजिनाबद्दल बोलताना त्याचा चेहरा नेहमी खुलायचा. "खोली गार झाली की झडप आपोआप उघडते आणि जास्त ऊब सोडते. काय हुशार मांडणी आहे बघ. आपण जेवढं गार करू, तेवढा हा पेटून उठणार."

"मग ती झडप बंद कर ना!"

"तिचं बटण चार वर्षांपूर्वी तुटलं."

"दुरुस्त का नाही केलंस?"

"बटण दोनवर ठेवलं की सोडायला ऊबच नसते, विल्मा. झडपेची गरजच पडली नाही."

विल्माने फ्रीजरमधून वाटाण्याची पिशवी काढली आणि तापमापकाखाली खिळ्याला टांगली. पारा उतरू लागला. मॅग्नस म्हणाला की ही फसवणूक आहे, फेरीबोटीवर असं केलं असतं तर नोकरी गेली असती. विल्मा म्हणाली, "तू वाटाणे धर." तो वाटाणे धरून उभा राहिला.

आणि दार वाजलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

दारात डोलिना, काळा कोट, काळी टोपी, हातात रुमालात बांधलेलं सूपचं भांडं. तिने विल्माला पाहिलं, आणि सूप जिन्यात सांडता सांडता वाचलं. "विल्मा! गेला ना गं आपला मॅग्नस?"

"कुठे गेला?"

"कुठेही नाही," वाटाणे हातात घेऊन मॅग्नस मागून म्हणाला.

डोलिनाचा चेहरा आधी उजळला आणि मग रागाने लाल झाला. "खिडक्या उघड्या का तुमच्या मग? रस्त्यावरून बघितलं मी. सगळ्या घराच्या! जानेवारीत! आमच्याकडे आत्म्याला वाट द्यायची तेव्हाच अशा खिडक्या उघडतात. मी जिन्यात सगळ्यांना सांगून आले, मॅग्नस गेला म्हणून!"

सांगून ती खरोखरच आली होती. पाचच मिनिटांत खालचा अॅलिक माथ्यावर टोपी दाबून आणि बगलेत व्हिस्कीची बाटली दाबून आला. मागोमाग समोरच्या घरातल्या दोन बहिणी आल्या, त्यांच्याकडे लोण्याची बिस्किटं होती. सगळ्यांनी मॅग्नसच्या जिवंतपणाबद्दल आनंद दाखवला, पण जायचं कोणीच नाव काढेना. कारण सरळ होतं. सगळ्यांचीच घरं बटण दोनवर होती.

"किती छान आहे इथे," अॅलिकने कोट काढला. "माझ्या घरात आज मांजर भांड्याच्या कपाटात शिरून बसलंय."

"अहो, जा ना तुम्ही," विल्मा हात जोडून म्हणाली. "अकराला बाई येणार आहे."

"मग तर थांबतोच," डोलिना खुर्चीत रेलली. "तू एकटी गोंधळशील. मी सांगते तिला, घर किती गार असतं ते." आणि रुमालाने वारा घेऊ लागली.

अकराला एक मिनिट कमी असताना संस्थेची शोना बेन आली. हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र, पंचवीस-सव्वीस वर्षांची. तिने दारातून आत पाहिलं. काळ्या कपड्यांतली चार माणसं, मध्ये सूप, बिस्किटं, व्हिस्की, सताड उघड्या खिडक्या. तिचा चेहरा एकदम पडला.

"अरेरे! मला माहीत नव्हतं. मी परत येते हं, पुढच्या आठवड्यात. आज अशा वेळी..."

विल्माने पुढे होऊन तिची बाही धरली. पुढच्या आठवड्यात यादी नसणार. "नाही, नाही, या! कोणी गेलेलं नाही!"

"मला समजतंय, मिसेस स्वॉन्सन. सुरुवातीला असंच वाटतं," शोना हळुवार आवाजात म्हणाली.

"मी आहे, पोरी!" मॅग्नस पुढे झाला. वाटाणे अजून हातात होते आणि त्यांतलं पाणी त्याच्या बनियनवर ठिबकत होतं. "गेलेला तो मीच आहे. म्हणजे मी गेलो नाही."

शोनाने त्याला आणि वाटाण्यांना नीट न्याहाळलं. मग तिने फाइल छातीशी धरली आणि हसू आवरता आवरता कोट काढला. तापमापकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. विल्माला मात्र राहवेना. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं. ती भराभर सगळं सांगून मोकळी झाली: अठराचा नियम, बटण सहावर, वाटाणे, खिडक्या. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डोलिना छताकडे बघू लागली.

"अठराचा नियम?" शोना म्हणाली. "असा काही नियम नाही, मिसेस स्वॉन्सन. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी तरी," विल्मा म्हणाली आणि डोलिनाच्या बाजूला बघण्याचं तिने टाळलं.

"माझ्या अर्जात एकच मुख्य प्रश्न आहे. राहणाऱ्यांना घरातली ऊब हवी तेव्हा कमी-जास्त करता येते का?" शोनाने सभोवार पाहिलं. जानेवारीत उघड्या खिडक्या, बनियनवरचा म्हातारा, टोपीने वारा घेणारा अॅलिक. "कमी करता येत नाही का हा हीटर?"

"झडपेचं बटण तुटलंय," मॅग्नस म्हणाला.

"आणि जास्त?"

"जास्त त्याने कधी केलंच नाही," विल्मा म्हणाली.

शोनाने दोन ठिकाणी खुणा केल्या, विल्माकडून सही घेतली आणि कागद तीनदा उलटून पाहिले. "इतकं स्पष्ट घर या आठवड्यात मी पाहिलं नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माणसं येतील. चार नवे हीटर." मग तिने व्हिस्कीला नको म्हटलं, सूप मात्र घेतलं, आणि जाताना म्हणाली, की ऑफिसात ती हातमोजे घालून बसते, त्यामुळे आजची भेट तिला फार आवडली.

विल्माने दार लावलं आणि दाराला पाठ टेकवून उभी राहिली. डोलिना म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, सगळं नीट होईल म्हणून?" आणि कोणीही तिला काही बोललं नाही, इतके सगळे खुशीत होते. दुपारपर्यंत बिस्किटं संपली, व्हिस्की अर्ध्यावर आली, आणि मॅग्नसच्या अंत्यविधीत काय काय करायचं होतं त्याचीही साग्रसंगीत चर्चा झाली.

संध्याकाळी पाहुणे गेले. विल्माने बटाटे सोलले, सगळे, एकदाही हात न झटकता. मॅग्नस ते बघत होता. जेवताना त्याने तिच्या ताटात मोठा बटाटा वाढला.

जेवण झाल्यावर तो हीटरशी वाकला. बटण दोनवर यायचा ओळखीचा कटकट आवाज ऐकायला विल्मा कान देऊन बसली. आवाज आला नाही.

"सहावरच ठेवतोयस?"

"ती पोरगी उद्या परत येईल एखादे वेळी," मॅग्नस तिच्याकडे न बघता म्हणाला. "एखादी सही राहिली असली तर? आली, आणि घर गार असलं, तर बरं दिसणार नाही."

सही राहिलेली नव्हती. शोनाने तीनदा पाहिलं होतं आणि विल्माने चौथ्यांदा.

"ते खरं," विल्मा म्हणाली. "आणि परवाही येईल. असल्या कामांत एका सहीने कुठे भागतं?"

"मग परवाही सहावरच," मॅग्नस म्हणाला, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत शोना बेन रोज येणार, असं दोघांनी मिळून ठरवून टाकलं.