ताऱ्याच्या हयातीचा दाखला

खगोलशास्त्रज्ञ व्हायला फार शिकावं लागतं, हे विकुन्या गावात पाव विकणाऱ्यालाही ठाऊक आहे. गावामागच्या डोंगरांवर दुर्बिणींचे पांढरे घुमट आहेत आणि तिथे झाडू मारायलाही बारावीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे नेलिदाबाईंच्या यास्नाने अठराव्या वर्षी हा मार्ग धरला तेव्हा तिला कोणी घाई केली नाही. चार वर्षं पदवी, दोन पदव्युत्तर, पाच पीएच.डी., मग तीन देशांत तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका. अडतिसाव्या वर्षी यास्ना एका अंधुक ताऱ्याची जगातली एकमेव जाणकार झाली. कायमची नोकरी तेवढी राहिली होती.

तीही आता विद्यापीठाने देऊ केली. शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत कागद पोहोचले की झालं. नाही पोहोचले तर ते पद कायमचं रद्द.

यादीतला एकोणिसावा कागद होता : ‘संशोधनाचा विषय हयात असल्याचा नोटरीचा दाखला.’

यास्नाने विद्यापीठात फोन लावला. “अहो, माझा विषय तारा आहे.”

“असेल ना,” पलीकडच्या बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी लोकसंगीत विभागाने एका गृहस्थांना नेमलं. त्यांचा विषय नव्वद वर्षांचे एक गायक. नेमणूक सोमवारी झाली, गायक मंगळवारी गेले. आता हे गृहस्थ पगार घेतात आणि विषय दफनभूमीत. तेव्हापासून नियम सगळ्या विभागांना सारखा. तुमच्यावर अन्याय नको म्हणूनच.”

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता यास्ना नोटरी सेपेदा यांच्या कचेरीत नंबराचं चिटोरं घेऊन बसली. सोबत आई होती, आईच्या मांडीवर घरच्या भट्टीतला गरम पाव फडक्यात बांधलेला. मोकळ्या हाताने कचेरीत जाऊ नये, असं नेलिदाबाईंचं मत.

साडेदहाला नंबर लागला. सेपेदांनी चष्मा पुसला.

“तुम्ही या ताऱ्याला समक्ष पाहिलंय?”

“हो. गेल्याच महिन्यात.”

“म्हणजे गेल्या महिन्यात हयात होता.” त्यांनी शिक्का उचलला.

शिक्का हवेत असतानाच यास्नाचं शिक्षण आडवं आलं. “तसं नाही म्हणता येणार, साहेब. त्याचा प्रकाश यायला अकराशे वर्षं लागतात. मी पाहिला तो अकराशे वर्षांपूर्वीचा.”

नेलिदाबाईंनी लेकीला कोपर मारलं. फार उशिरा. शिक्का खाली ठेवला गेला.

“जुना फोटो चालत नाही,” सेपेदा म्हणाले. “पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांनाही मी हेच सांगतो. तारा स्वतः येऊ शकेल का? ओळखपत्र आणि अंगठा. दोनपर्यंत आम्ही आहोत.”

“वीस वर्षं शिकवलं हिला,” नेलिदाबाई भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या, “पण गप्प बसायचं एकाही मास्तराने शिकवलं नाही.”

“आई, खोटं कसं सांगू?”

“खोटं कोण सांग म्हणतंय? खरं थोडं कमी सांगायचं!” मग त्या नोटरीकडे वळल्या. “बरं, साहेब, कुठलाही तारा चालेल?”

“हयात असावा, हजर असावा. आमची दुसरी अट नाही.”

नेलिदाबाईंनी टेबलाकडे बोट केलं. खिडकीतून आलेलं ऊन शिक्क्याच्या डबीवर बसलं होतं. “हा बसलाय बघा. रोज वेळेवर येतो. फक्त नंबर घेत नाही.”

सेपेदांनी उन्हावर तळहात ठेवला, ऊब तपासली, पाव घेतला आणि शिक्का मारला : ‘सूर्य, व्यवसाय तारा, कचेरीत समक्ष हजर, हयात. अंगठा उपलब्ध नाही.’ तो आठ मिनिटांपूर्वीचा आहे, हे यास्नाच्या अगदी ओठांवर आलं. तिने पावाचा तुकडा तोंडात कोंबला. अठराव्या वर्षापासून चाललेलं तिचं शिक्षण त्या घासाला पूर्ण झालं.

दोनला दहा मिनिटं असताना कागद पोहोचले. विद्यापीठातल्या बाईंनी दाखला उजेडात धरला. “छान. पद तुमच्या नावाने राखून ठेवते. फक्त दाखला सूर्याचा आणि तुमची पीएच.डी. भलत्याच ताऱ्याची. सूर्याची करून आणा. पाच वर्षांत होते.”

यास्नाने अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. हयातीच्या दाखल्याची मुदत साठ दिवसांची, म्हणून दर दोन महिन्यांनी ती ऊन पडलेलं बघून सेपेदांकडे जाते. नेलिदाबाईंचा पाव कचेरीत आता सगळ्यांना आवडतो.

हसलात ना? हसा. पण मागे एकदा खिडकीपलीकडच्या माणसाने तुमच्याकडे तुमच्या जन्माचा पुरावा मागितला होता. तुम्ही त्याच्यासमोर जिवंत, घामाघूम उभे होता. तेव्हा “हा काय, मी जन्मलोय!” असं म्हणालात, की झेरॉक्सचं दुकान कुठे आहे ते विचारलंत?