हुडकेश्वरी बिनआवाजी संगणक उभा केला त्याची हकीकत

श्री. नागपूर शहराचे दक्षिणेस हुडकेश्वर, तेथे राजमान्य राजश्री मधुकरराव यांनी ऐन पौषात जी मोहीम केली, तिची साद्यंत हकीकत, जैसी घडली तैसी, न फुगविता लिहिली आहे. वाचणारांनी चित्त द्यावे.

मधुकरराव म्हणजे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षे टर्बाइनपाशी चाकरी केलेले मानकरी. त्या चाकरीत नाव मिळाले आणि कान गेले. कुकरची शिटी त्यांस कळत नसे, आणि हे ते हयातीत कधी कबूल करीत नसत. सूनबाई वैभवीबाई पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा हुन्नर बाळगून होत्या. एका प्रकाशकाने नमुना मागविला, ऐकिला, आणि खलिता धाडिला की वाणी उत्तम, परंतु मागे पिठाची चक्की चालते; शुक्रवारी दोन प्रहरपर्यंत स्वच्छ नमुना न आल्यास काम दुसऱ्यास जाईल. चक्की म्हणजे घरचा जुना संगणक. सुनेचा उतरलेला चेहरा पाहोन मधुकररावांस दोन दिवस अन्न गोड लागेना.

मग मसलत बसली. चिरंजीव अश्विनराव यांनी लकडगंजाहून प्लायवूड आणोन संगणकास पेटीत कोंडिले, आणि तो आत तापोन घटकाभरात बंद पडला. पहिली शिकस्त जाहली. मग सीताबर्डीच्या बाजारावर स्वारी करोन जाड पत्र्याचा कॅबिनेट, मंद फिरणारे थोर पंखे आणि बाकी सारा नवा सरंजाम दस्त केला; जुन्या फौजेतील हार्डडिस्क तेवढी ठेविली, कारण सूनबाईंचे सारे वाचन तीत. गुरुवारी नवा संगणक उभा राहिला, आणि चालू होताच घूं करू लागला. अश्विनरावांनी पंख्यांवर ठपका ठेविला.

"पंखे नाहीत," मधुकरराव बोलले.

"बाबा, तुमाले दारावरची बेल ऐकू येत नाही, अन् हे कसं समजलं?"

"बेल तूच चुकीची बसवली गा."

मग त्यांनी स्क्रू पिळावयाचा पेचकस मागविला, त्याचे टोक कॅबिनेटवर टेकिले, आणि मूठ कानामागील हाडास दाबोन डोळे मिटिले. खापरखेड्यास बेअरिंगचे दुखणे ऐसेच ओळखीत. पंख्यांची चौकट निर्दोष निघाली. हार्डडिस्कपाशी येताच हाडांत घुरघुर उतरली. फितूर सापडला: डिस्क थरथरे, स्क्रू ती थरथर पत्र्यास देई, आणि पत्रा गाऊ लागे. तत्काळ हुकूम सुटला की सायकलची जुनी ट्यूब कापोन पट्ट्या कराव्या, आणि डिस्क त्यांवर अधांतरी टांगावी, पत्र्यास शिवू देऊ नये.

"पाळणा बांधून राहिले काय जी?" अश्विनराव हसले.

"बांध, अन् गप राह्य."

शुक्रवारी दहा वाजता संगणक चालू केला. वैभवीबाईंनी एक पान वाचिले, हेडफोन लाविले, आणि ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरोन आले.

"मामाजी, फकस्त माहाच आवाज येऊन राहिला जी."

नमुना वेळेत रवाना जाहला, आणि सायंकाळी काम मिळाल्याचा खलिता आला. मग अश्विनरावांनी संगणकाकडे बोट दाखवोन पित्यास विचारिले, काही ऐकू येते काय. मधुकररावांनी बराच वेळ कान लाविला, आणि काहीच ऐकू येत नाही ऐसे भर बैठकीत, हयातीत प्रथमच, कबूल केले. घरातील यच्चयावत मंडळींचा जबाब त्या दिवशी तोच पडला. येणेप्रमाणे हुडकेश्वरी फत्ते जाहली.