अक्षरी दहा फक्त

डॉक्टर भिंगारदिव्यांनी लिहिलेली चिठ्ठी वाचता येते. एवढ्या एका कारणावरून सोनईत त्यांच्या डॉक्टरकीवर लोकांचा कायम संशय आहे.

"माजी नात तिसरीत हाय, तिनं बी घडाघडा वाचली. आसला कसला डागतर?" असं एका आजोबांनी माझ्या काउंटरवर कोपर टेकून विचारलं होतं. मी शेजारचा मेडिकलवाला. बावीस वर्षं याच चिठ्ठ्यांवर माझं घर चाललंय, म्हणून मी खोकल्यासारखं केलं आणि गोळ्या काढायला आत वळलो.

चिठ्ठी कसली, खरेदीखतच ते! पेशंटचं संपूर्ण नाव, वय, वजन, कोणतं औषध सोसत नाही, आधीची कोणती औषधं चालू आहेत. मग औषधाचं नाव, सुट्या ठळक अक्षरांत. कशासाठी, किती, कधी, किती दिवस. गोळ्यांचा आकडा चेकवर लिहावा तसा: १०, अक्षरी दहा फक्त. खाली कागद कोरा उरला तर तिरकी रेघ, सही आणि तारीख.

"डॉक्टर, त्या दहावर मी कशाला शून्य वाढवीन?" मी एकदा चिडून म्हणालो.

"तुम्ही वाढवाल असं कुठं म्हणतोय, बाळासाहेब? पण वाढवणार नाही, हे गृहीत धरायचं नाही."

'गृहीत धरायचं नाही' हा त्यांचा मंत्र. बाकीचे डॉक्टर एक-शून्य-एक लिहून मोकळे होतात. यांच्याकडं तसली चिठ्ठी आली की विचारतात, "हा काय कुलपाचा नंबर आहे?" आणि स्वतः लिहितात, 'सकाळी एक. दुपारी नाही. रात्री झोपताना एक.'

त्या 'रात्री झोपताना'वरही एकदा पंचाईत झाली. एक शेतकरी म्हणाला, "डागतर, या आठवड्यात मोटरंला लाईट रातची हाय. पानी धरून मी झोपतोच सकाळी आठला. मंग?" दुसऱ्या कुणी 'घ्या हो कधीतरी' म्हटलं असतं. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, नवी घेतली आणि दिवसाच्या लाईटीचा आठवडा वेगळा, रातच्या लाईटीचा वेगळा, असे दोन रकाने आखले. बाहेर अकरा पेशंट ताटकळले होते. त्यातले चार पलीकडच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शन टोचून घरीसुद्धा पोचले.

डॉक्टर रविवारी नेमानं चर्चला जाणारे. पण गावात कुणाची चतुर्थी, कुणाची एकादशी, कुणाचा गुरुवार, हे सगळं त्यांना पाठ. देवळातल्या गुरवानं अडलं तर यांना विचारावं. तपासताना नाडीच्या आधी प्रश्न, "उपवास कोणते धरता?"

हे वेड गयाबाईपासून लागलं. गयाबाई सत्तरीची, वस्तीवर एकटी राहणारी, अक्षरशत्रू. तिला डॉक्टरांनी साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी लिहून दिली होती: रोज सकाळी जेवणाआधी एक. गयाबाई शनिवार धरते, आणि तिचा शनिवार म्हणजे दिवसभर चहासुद्धा नाही. पण 'रोज' म्हणजे रोज, आणि औषधानं काही उपास मोडत नाही. गोळी घेतली आणि दुपारी साखर उतरून कांद्याच्या वाफ्यात कोसळली. खुरपणाऱ्या बायांनी पाहिलं, डॉक्टर मोटारसायकल हाणत गेले, म्हणून वाचली.

गाव म्हणालं, म्हातारीला कळायला नको का? डॉक्टर म्हणाले, "माझ्या चिठ्ठीत तिचा शनिवारच नव्हता."

तेव्हापासून रोज सकाळी सातला ते तिला फोन करतात, ती 'आज कंची घेऊ?' विचारते आणि ते अख्खी चिठ्ठी वाचून दाखवतात. मी खूप टिंगल केली. पण त्यांना खरीच धास्ती होती. म्हातारी पुन्हा एखाद्या शनिवारी उपाशीपोटी गोळी घेईल, आणि या वेळी शेजारच्या शेतात कुणी नसेल.

यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला ठरलं. सोबत मी. त्यांच्या बाई लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेल्या होत्या. नातू आता शाळेत जातो, बाई अजून परतायच्या आहेत. दुसऱ्या दिवशी नेमका शनिवार. डोळ्यावर पट्टी, वाचता येईना, आणि न वाचता तोंडपाठ सांगणं म्हणजे गृहीत धरणं; म्हणून डॉक्टरांनी खिशातून चिठ्ठीची घडी काढून माझ्या हातात दिली. "पूर्ण वाचायची. मधलं गाळायचं नाही. 'शनिवारी ही गोळी घेऊ नये' हे दोनदा."

सकाळी सातला मी बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला आणि वाचायला लागलो, "नाव, गयाबाई…"

"कोन, मेडिकलवाला व्हय? ऱ्हाऊ दे बाबा," म्हातारी म्हणाली. "शनवारी साखरंची न्हाई, बीपीची पांढरी घोटभर पान्यासंगं. मला चार वर्सं झाली, समदं पाठ हाय. डोळा कसा हाय त्यांचा?"

मी थक्क. "अगं आजी, मग रोज सकाळी 'आज कंची घेऊ' म्हणून का विचारतेस त्यांना?"

"तर काय करू? पाठ झालंय म्हनले तर फोन कशापायी करतील? त्या घरात सकाळच्याला बोलायला कोन हाय त्यांना? मागं दोन दिस मला ताप हुता, फोन उचालला न्हाई, तर मानूस न जेवता इथं वस्तीवर आला." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तू काय बोलू नगं हां. लई मन लावून वाचत्यात."

बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण या माणसाशी सकाळी कोण बोलतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आत गेलो. डॉक्टर पट्टी बांधलेलं तोंड दाराकडं करून ताठ बसले होते.

"वाचलीत? शनिवार दोनदा?"

"दोनदा," मी म्हणालो. "पण काही खरं नाही हो. तिला एक अक्षर आठवत नव्हतं. म्हणते, तुमच्याशिवाय नीट समजत नाही."

डॉक्टर हळूच उशीला टेकले. "बघा," ते म्हणाले, "उद्यापासून मीच करतो."